तीन दिवस न वाजलेली बेल

दोन हजार सालानंतर घरी ब्रॉडबँड आलं, तेव्हापासून संगणकाच्या क्लासमध्ये शिकवून उरलेल्या वेळात मी वायरलेस कार्डांचे ड्रायव्हर दुरुस्त करायला लागले. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुभाषा. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. चूक दिसली की कुणीही दुरुस्ती पाठवावी, जाणकार तपासून मग ती घेत.

मी हलकी कामं उचलायची. व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या कोडमधल्या खणात, किंमत भरण्याआधीच ते वापरलं जाईल, असा इशारा कोड कम्पाइल करताना, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवताना, येतो. तिथे सुरुवातीलाच शून्य लिहिलं की इशारा जातो. एका दुपारी मी असे दहा-बारा इशारे घालवले आणि दुरुस्ती पाठवून दिली.

त्याच जातीचं कार्ड पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी बसवलेलं होतं. द्राक्षांच्या खोलीतलं तापमान त्यातून ऑफिसच्या स्क्रीनवर दिसे आणि संपर्क तुटला की बेल वाजे. तपासणाऱ्यांचं उत्तर यायच्या आधीच मी नवा ड्रायव्हर तिथे घालून आले. मला घाई फार.

चौथ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, एकाच ओळीचं. कार्डाने काहीच कळवलं नाही, तर या शून्याचा अर्थ काय होईल?

मी कोड उघडला. एका ठिकाणी शून्य म्हणजे ‘संपर्क ठीक’. कार्ड बंद पडलं तरी माझा ड्रायव्हर ठीकच म्हणणार. बेल वाजणार नाही, स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहणार. आणि खोलीत निर्यातीच्या पेट्या कंटेनरची वाट पाहत होत्या.

मी कोल्ड स्टोरेजला फोन लावला, तो तिथल्या मॅनेजरने उचलला. “ताई, लय भारी काम केलं तुम्ही. तीन दिस झाले, बेल एकदा बी वाजली नाय. आधी डोकं खायची.”

आधी ती रोज दोनदा तरी वाजायचीच. खोली आणि ऑफिसच्या मध्ये टेम्पो उभा राहिला तरी संपर्क तुटायचा.

“आत जाऊन थर्मामीटर बघा.”

“स्क्रीनवर अर्धा डिग्री हाय की!”

“स्क्रीन सोडा. आत जा. मी निघालेच.”

द्वारका चौकात पिंपळगावची जीप मिळाली. वाटेत ओझरपर्यंत मॅनेजरला तीनदा फोन केला, त्याने उचलला नाही. शेजारची बाई विचारत होती, कुणी आजारी आहे का. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही ठाऊक नाही.

मॅनेजर खोलीच्या दारात थर्मामीटर घेऊन उभा होता. “सहा डिग्री,” तो म्हणाला. एक कॉम्प्रेसर बंद पडला होता, कधी ते कुणाला माहीत नव्हतं. दुसरा त्याने चालू केला होता. आम्ही पेट्या उघडून पाहिल्या. देठ हिरवे होते, म्हणजे माल अजून ताजा होता. बोटीवर किती दिवस तसा राहील, हे त्यालाही सांगता येईना.

मी जुना ड्रायव्हर परत घातला. अँटेनाची वायर काढली, बेल वाजली. मग तिथल्याच संगणकावरून मेल लिहिली, की माझी दुरुस्ती घेऊ नका. कोडमधल्या बाकीच्या ठिकाणी माझ्या शून्याचा अर्थ काय होतो, तेही मी पाहिलेलं नव्हतं.

मॅनेजरने स्वतः वायर काढून पुन्हा बेल वाजवून पाहिली.

“आता वाजंल ना, ताई?”

“वाजेल.”

“तरी मी दर तासाला आत जाऊनच बघणार.”

मी त्याला नको म्हटलं नाही.