रिलीव्हर आल्याशिवाय

सत्यशीलानं किल्ली दिली नाही. नाही म्हणजे नाही! अख्खी कमिटी समोर बसलेली, चहा निवून चाललेला, आणि किल्ली हिच्या कमरेला.

किल्ली होती भिलाईच्या पोलाद प्लांटच्या वसाहतीत, एका सेक्टरमधल्या बालवर्गाची. कुणाला ऐकू येत नाही, कुणाची मान धरत नाही, अशी ज्यांना कुठलीच शाळा दारात उभं करीत नव्हती, ती चिमुरडी पोरं इथं यायची. सत्यशीलानं एका सतरंजीवर वर्ग सुरू केला, हिंडून-फिरून पोरं जमवली. आता १९९०च्या सुमारास सरकारी अनुदान यायचं झालं आणि सोबत अट आली. पर्यवेक्षिकेकडे विशेष शिक्षणाचा डिप्लोमा हवा. हिच्याकडे साधी बी.ए.

"नियमच आहे, काय करणार?" सेक्रेटरी अरुणकुमार साहेब म्हणाले. "तुम्ही शिक्षिका म्हणून राहा. तात्पुरतं आमची कमलिनी सांभाळेल."

"नियम बरोबर आहे जी. लेकराले चुकीचा हात लागला तर जन्माचं नुकसान होते. पण मॅडमचा डिप्लोमा कुठं आहे?"

कमलिनी म्हणजे साहेबांची बायको; तिच्याकडेही डिप्लोमा नव्हता. साहेब चष्मा पुसू लागले.

सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम काय फक्त हिच्याच मानगुटीवर बसायला आला होता? तिचा नवरा बळीराम प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर कामाला. एकदा कुम्हारीकडची बस बंद पडली, पुढच्या पाळीचा माणूस, त्याचा रिलीव्हर, आलाच नाही, तर हा पठ्ठ्या दुसरी पाळीही तिथंच उभा. घरी आल्यावर हिनं त्याला फैलावर घेतलं होतं. तेव्हा त्यानं दिलेलं उत्तरच आज हिच्या तोंडी आलं.

"साहेब, तुमी प्लांटवाले. रिलीव्हर आल्याबिगर तुमचा माणूस भट्टी सोडते का? डिप्लोमावाली आना, मी माह्या हातानं चार्ज देतो. तोवर किल्ली भेटत नाही!"

कमिटीतले सगळे प्लांटमधलेच. कमिटी धुसफुसली आणि शेवटी शोधाशोध करून गोंदियाची ललिता आणली. तरुण, डिप्लोमावाली. सत्यशीलानं कमरेची किल्ली एकदा घट्ट धरली. पण शब्द म्हणजे शब्द. कोणतं लेकरू कसं उचलायचं, कोण कशाला भितं, एकेक करून तिनं सगळं सांगितलं आणि किल्ली ललिताच्या हातावर ठेवली.

मग नागपूरला डिप्लोमाला नाव घातलं. चाळिशी उलटलेली बाई, लोक हसले. "हसा खुशाल," ती म्हणाली.

"जागा भरली आता, उगाच कशाला जाता?" साहेबांनी बजावलं.

"मले शिकाचं आहे म्हणून जातो. तुमाले विचारून नाही."

भिलाई पावर हाउस स्टेशनवर ललिता पोचवायला आली. गाडी हलायला लागली तशी ती खिडकीला धरून चालू लागली. तिच्या कमरेची किल्ली वाजत होती.

"ताई, मी डबल ड्युटी करून राहिली, तुमच्या जागेवर. तुमी आल्याबिगर चार्ज कोणालेच देत नाही!"

कमिटीसमोर न रडलेली सत्यशीला तेव्हा मात्र घळाघळा रडली.