साडूभाऊंच्या गाडीतला टर्बो

कंपनीनं बनवलेली वस्तू जशीच्या तशी वापरणं हा स्वतःच्या बुद्धीचा अपमान आहे, असं मानणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. लातूरला त्यांचं मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून ते दुकानात बसतात, आणि संध्याकाळी घरी येऊन एका यंत्राचा अवयव दुसऱ्या यंत्रात बसवतात. दारावरच्या घंटीला त्यांनी जुन्या लुनाचा हॉर्न जोडला, तेव्हा पहिल्याच सकाळी दूधवाला दचकून कॅनसकट तुळशीवृंदावनावर पडला. कूलरला एकदा पिठाच्या गिरणीची मोटार लावली. हवा गार आली की नाही ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण भिंतीवरचं कॅलेंडर, टॉवेल आणि आमच्या मेहुणीबाईंचं वाचनाचं पुस्तक एकदमच अंगणात गेलं होतं. मेहुणीबाईंना मी ताई म्हणतो. त्या शांतपणे पुस्तक उचलून आणतात आणि म्हणतात, "घरातली मीच तेवढी ओरिजनल राहिले."

साडूभाऊंची गाडी वीस वर्षांपूर्वीची, पांढरी, डिझेलवर चालणारी. स्वभावानं गरीब, पण चढ आला की बसकण मारायची. एकदा आम्ही दोघं नांदेडहून लातूरला येत असताना एका चढावर उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. त्याच्या ड्रायव्हरनं जाता जाता आपुलकीनं हातही हलवला. घरी दारात उतरल्यावर साडूभाऊ एवढंच म्हणाले, "हिची छाती कमी पडते."

आठवड्याभरात त्यांनी नांदेडच्या भंगारबाजारातून एका अपघातग्रस्त मोठ्या गाडीचा टर्बो हुडकून काढला. शंखासारखा दिसणारा तो लोखंडी गोळा त्यांनी माझ्यापुढं धरला. "इंजिनाचा धूर फुकट जातो ना? जाता जाता त्याला म्हणायचं, एवढं चक्र फिरवून जा. ते चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, ताकद जास्त." ओळखीच्या मेस्त्रीनं मात्र गाडीकडं आणि टर्बोकडं आळीपाळीनं पाहिलं. "साहेब, म्हशीचं फुप्फुस शेळीला बसवून राहिले तुम्ही. न्हाई जमायचं." साडूभाऊंना 'न्हाई जमायचं' हे शब्द आशीर्वादासारखे वाटतात. पुढचे दोन महिने ते अंगणात गाडीखालीच सापडायचे. जेवायला हाक मारली की आधी पाय हलायचे, मग आवाज यायचा.

पहिल्या सफरीला सासूबाईंना मुखेडहून लातूरला आणायचं ठरलं. जाताना मी पुढं बसलो होतो. चढ आला, शिट्टीसारखा बारीक आवाज झाला आणि त्या म्हाताऱ्या गाडीनं मला पाठीला धरून सीटवर दाबलं. साडूभाऊंचे कान लाल झाले. त्या माणसाला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

परतीला मागच्या सीटवर ताई आणि सासूबाई. सासूबाईंच्या मांडीवर त्यांचा शिसवी पोळपाट. दुसऱ्याच्या पोळपाटावर त्यांची पोळी फिरत नाही. मुखेड सोडून तासाभरानं चहासाठी थांबलो. साडूभाऊंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, आणि गाडी बंद झाली नाही. उलट तिचा आवाज चढत गेला. त्यांनी किल्ली उपसून हातात घेतली, तरी इंजिन रेकतच होतं. मागून निळा-पांढरा धूर असा उसळला की चहाचं हॉटेल दिसेना. गिऱ्हाइकं कप टाकून पळाली.

"उतरा! आधी आईंना उतरवा!" ते ओरडले. मी दोघींना ओढत दूर नेलं. त्यांनी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून इंजिन बंद पाडायला पाहिलं. जुना क्लच नुसताच घसरला. मग त्यांनी बॉनेट उघडलं. ताई किंचाळल्या, "अहो, जळू द्या गाडी! तुम्ही इकडं या!"

"इंजिन डिझेल सोडून स्वतःचंच तेल पिऊन राहिलंय," ते माझ्याकडं बघून ओरडले, "त्याची हवा बंद करायला पाहिजे. काहीतरी सपाट द्या!"

माझ्या हातात पोळपाट कुणी दिला ते आजही आठवत नाही. मी धावत जाऊन तो त्यांना दिला. हवेची नळी हिसकून काढून त्यांनी पोळपाट तिच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला. इंजिन गुदमरलं आणि दोन गचके देऊन गप्प झालं. त्या शांततेत रस्त्यापलीकडच्या बाभळीवरचा होला घुमताना ऐकू आला.

सासूबाईच आधी साडूभाऊंना म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हीच म्हणत होता ना, पोळपाट कशाला घेता?" मी हसायला लागलो, हॉटेलवालाही हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी तांब्यातलं पाणी ओतून नवऱ्याचे काळे हात धुतले, बोटं एकेक करून तपासली. दहाच्या दहा शाबूत आहेत हे पटल्यावर त्या रडल्या.

"चूक माझीच," साडूभाऊ खाली बघत म्हणाले. "टर्बोतलं तेल परत यायची नळी बारीक पडली. तेल तुंबलं आणि हवेच्या वाटेनं आत शिरलं." "टर्बो काढून टाकतो." ताईंनी मान डोलावली.

गाडी हॉटेलपाशी सोडून आम्ही एसटीनं निघालो. सासूबाईंना खिडकी मिळाली. पुढच्या बाकावर ताई आणि साडूभाऊ. थोड्या वेळानं त्यांची मान ताईंच्या खांद्यावर कलंडली. तीस वर्षं मी त्यांना ओळखतो. कुठल्याही गाडीत ते डोळे टक्क उघडे ठेवून इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. आज एसटी खडखडत होती, पत्रा वाजत होता, आणि ते लहान मुलासारखे झोपले होते. विभूती घामानं पुसली गेली होती, केस मला वाटलं होतं त्याहून बरेच पांढरे होते. लातूर येईपर्यंत ताईंनी खांदा हलवला नाही.