गोटमारीच्या दिवशीची खिडकी

पांढुर्ण्यात जांब नदीजवळ राहणाऱ्या दत्तात्रय डिगरसेंना शकुन-अपशकुनाच्या गोष्टी ऐकल्या की हसू यायचं. तीस वर्षं वेल्डिंग करून लोखंड जोडलेला माणूस. पंचावन्नाव्या वर्षी स्टीलच्या बारीक कामासाठी त्यांनी टिग वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि घराच्याच मागच्या खोलीत बसवलं. ही खोली तीन पायऱ्या खाली. एक दार, एक खिडकी. गोटमारीला, म्हणजे दोन काठांवरच्या गावांनी एकमेकांवर दगड फेकायच्या जत्रेत, पलीकडच्या सावरगावच्या बाजूनं गोटे यायला लागले की घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथंच येऊन बसायची.

टिगच्या कामाला आर्गॉन गॅस लागतो. तापलेल्या धातूवरची हवा तो दूर सारतो, म्हणून जोड स्वच्छ येतो. सिलिंडर देणाऱ्यानं बजावलं होतं, "भाऊ, जो गॅस जोडावरची हवा सारते, तो तुमच्या नाकापुढचीबी सारते. जड राह्यते, खाली साचते. खिडकी उघडी ठेवत जा." दत्तात्रय ऐकायचेही. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ती खिडकी उघडी असायची.

उरला एक दिवस. पोळ्याचा दुसरा दिवस, गोटमारीचा. सौंसरच्या एका दूधवाल्याला संध्याकाळपर्यंत टाकी द्यायचा शब्द दिलेला. नदीवर ढोल सुरू झाले तसं दत्तात्रयांनी दार लावलं, खिडकीला कडी घातली. त्यांची बायको उर्मिलाबाई नातीचा लाकडी बैल घेऊन आल्या. नात दुपारी नागपूरहून तान्ह्या पोळ्याला येणार होती. बैल जमिनीवर मांडून त्यांनी पुढं दिवा लावला आणि शिंगं रंगवत बसल्या.

टाकीचा जोड काळा पडत होता, बारीक भोकं येत होती. गॅस कमी पडतो, असं धरून दत्तात्रयांनी मीटरचा काटा आठावर होता तो पंधरावर नेला. मग वीसवर. भोकं वाढतच गेली. कमी काहीच पडत नव्हतं. तारेनं बांधलेला नळीचा जोड ढिला झाला होता आणि गॅस फुसफुसत फरशीवर उतरत होता. ढोलांच्या आवाजात ते ऐकू कुठलं येणार! एकदा वाकून बघायचं होतं. पण दुसऱ्यांचे जोड जोडणाऱ्याला स्वतःच्या जोडावर शंका येत नाही.

दिवा विझला.

"अवो, वारा तर नाही येऊन राहिला, मंग कसा विझला?"

"तेल कमी असन."

उर्मिलाबाईंनी तेल घालून पुन्हा लावला. तो तर धड पेटलाच नाही. "लक्षण बरं नाही दिसत. माहं डोकंबी गरगरून राहिलं."

"गोटमारीची धास्ती घेतली तू. दरसालचंच आहे तुहं," दत्तात्रय हसले आणि त्यांनी काच तोंडावर ओढली. टेबलापाशी उभ्या माणसाला हसू येत होतं, कारण त्याचं नाक अजून हवेत होतं.

जोडाची शिवण संपवून त्यांनी काच वर केली. उर्मिलाबाई भिंतीला टेकून, ब्रश मांडीवर, डोळे मिटून. डुलकी लागली असेल. नात येईल तेव्हा दिवा विझलेला नको, म्हणून त्यांनी काडी ओढली आणि वाकले. गुडघ्याच्या उंचीवर काडी विझली. दुसरी ओढली. तीही तिथंच विझली.

तेव्हा त्यांना कळलं. खाली हवा नव्हती, गॅस होता. श्वास कोंडून त्यांनी बायकोला काखेत धरलं आणि तीन पायऱ्या ओढत वर आणलं. त्या तीन पायऱ्या ते अजून चढताहेत.

दवाखान्याचा व्हरांडा फुटलेल्या डोक्यांनी भरला होता. घाईत असलेल्या डॉक्टरांनी उर्मिलाबाईंचे केस बाजूला सारून जखम शोधली, मान पाहिली, हात पाहिले. कुठं ओरखडा नव्हता. मग नाडी धरली आणि हळूच हात खाली ठेवला.

"गोटा कुठं लागला यांना?"

"गोटा नाही लागला साहेब," दत्तात्रय म्हणाले. "गोटा लागू नये म्हणून मीच खिडकी लावली."