सतरा, चोवीस, सहा

मी बदलापूरला बेलवलीत राहतो, एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. सॅम्पल काढायचं, टक्केवारी मांडायची, हेच काम. त्यामुळे कुणी संकेत, कौल वगैरे सांगू लागलं की मी आधी विचारतो — कितीपैकी किती वेळा? यंदा मात्र हा प्रश्न मलाच पडला...

अंबरनाथच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये बुद्धपौर्णिमेला खीर वाटून झाली की दुपारी हाउजी रंगायची. आकडे पुकारायचे आमचे बाबा. आकडे लिहिलेल्या गोट्यांची पिशवीही त्यांनीच शिवलेली, उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून आणलेल्या जीन्सच्या तुकड्यांची. 'सत्त्याहत्तर' असं साधं कधी म्हणायचे नाहीत. "दोन म्हातारे काठी टेकत निघाले" म्हणायचे. पोरं वैतागायची, "काका, नंबर बोला ना!" ते वारल्यावर हाउजी बंदच पडली होती. यंदा बिल्डिंगवाल्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

मी खरं तर आईला आमच्याकडे बदलापूरला न्यायला गेलो होतो. ती तिथे एकटी, त्यात बाथरूममध्ये घसरून पडलेली. पण तिचं एकच — "यांना विचारल्याशिवाय मी घर सोडणार नाही."

खेळ सुरू झाला. पहिली गोटी सतरा. मग चोवीस. मग सहा.

आईने तिकीट मांडीवर ठेवलं. "सतरा नंबरची आपली खोली. चोविसाव्या वर्षी मी इथे आले. तेव्हा आपण सहा माणसं. हे 'इथेच राहा' म्हणतायत."

शेजारच्या शिंदेकाकी लगेच म्हणाल्या, "घे, तुझ्या बाबांनीच पुकारलं. आता नको नेऊस आईला."

संध्याकाळी चहा घेताना मी विषय काढला. "आई, कुठलाही आकडा निघाला असता तरी तुला काहीतरी आठवलंच असतं. त्र्याऐंशी?"

"त्या साली यांनी सायकल घेतली."

"एकोणचाळीस?"

"ताईचा हजेरी नंबर."

"अठ्ठावन्न?"

"रिटायर झाले तेव्हाचं वय."

"बघ. तुझा एकही आकडा रिकामा नाही."

"एवढा संसार केला, रिकामे कसे राहतील?"

मी नव्वदच्या नव्वद गोट्या मोजून पिशवीत भरल्या, पिशवी खळाखळा हलवली आणि तिच्यापुढे धरली. "आता तूच काढ. दुसरेच निघतील, त्यांचाही अर्थ लागेल."

तिने काढली — सतरा. दुसरी — चोवीस. तिसरीला हात जरा वेळ आतच राहिला... सहा.

तेच तीन, त्याच क्रमाने. सात लाखांत एकदा व्हावं असं. मी पिशवी उलटी करून शिवण तपासली. गोट्या एकमेकींना चिकटतात का पाहिलं. काही नाही.

आई मात्र सहाच्या गोटीवर बोट ठेवून बसली होती. "तुमच्याकडे किती माणसं?"

"पाच. आम्ही चौघं आणि सासूबाई."

तिने पाच बोटं मोजली आणि सहावं स्वतःकडे वळवलं. मग म्हणाली, "दोनदा सांगावं लागलं यांना. मघाशी मला उलटंच कळलं. कपडे थोडेच नेऊ, पण भांडी सगळी माझी येणार."

त्याच गोट्या दुपारी 'राहा' म्हणत होत्या, संध्याकाळी 'जा'. ते मी समजू शकतो, अर्थ माणूसच लावतो. पण गोट्या तशा निघाल्या कशा? आणि "आई, हाही योगायोगच" हे वाक्य ओठांवर आलेलं असताना मी उठलो आणि माळ्यावरून भांडी काढायला लागलो.