सत्तावीस प्रश्न, पस्तीस मिनिटं

व्हर्ना मात्तिलाच्या नजरेतून कागदावरची चूक सुटत नाही, हे अमेरिकेतल्या डलूथ शहराच्या कोर्टात शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. गरिबांना फुकट वकील देणाऱ्या एका छोट्या कचेरीत ती बावीस वर्षं कारकून होती. घर खाली करायची नोटीस असो नाहीतर घटस्फोटाचा करार, ती बोट ठेवून एकेक शब्द वाचायची. एका नोटिशीवरची चुकीची तारीख तिनेच पकडली होती, म्हणून एक म्हातारं जोडपं त्या वर्षीचा हिवाळा स्वतःच्या घरात काढू शकलं.

पुढे कचेरीतले एकुलते एक वकील निवृत्त होऊन मुलीकडे ॲरिझोनाला गेले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. माणसं मात्र येत राहिली. व्हर्ना त्यांचे अर्ज भरून द्यायची, पण न्यायाधीशांसमोर त्यांच्या वतीने तोंड उघडायची तिला मुभा नव्हती. एका सोमवारी एक बाई न्यायाधीशांच्या साध्याच प्रश्नाला बिचकली आणि गप्प उभी राहिली. उत्तर व्हर्नाच्या मांडीवरच्या फाइलीत होतं. मागच्या बाकावर ती ओठ आवळून बसून राहिली. बाई हरली.

त्याच आठवड्यात व्हर्नाने ठरवलं, आपणच वकील व्हायचं. वय एकावन्न. पदवी तिने नोकरी सांभाळून नऊ वर्षांत कशीबशी मिळवली होती. आता उरली होती ती कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा.

तर्काचे प्रश्न तिला बऱ्यापैकी जमले. घात केला तो वाचनाने. चार उतारे, सत्तावीस प्रश्न, पस्तीस मिनिटं. पहिल्या सरावात वेळ संपली तेव्हा ती दुसऱ्याच उताऱ्यात होती.

तिचा नवरा रे बंदरात क्रेन चालवायचा. तो हसून म्हणाला, "अगं, बावीस वर्षं वाचतेयस आणि वाचनातच नापास? उद्या मला क्रेनवर चढल्यावर चक्कर यायला लागेल!"

"हस तू," ती म्हणाली. पण तिला हसू आलं नाही.

दर मंगळवारी सार्वजनिक वाचनालयात ओडेल प्रेंटिस नावाचे निवृत्त शिक्षक परीक्षार्थींना फुकट शिकवायचे. चौऱ्याहत्तरीचे गृहस्थ, आवाज शांत, पण शब्द चांगलेच टोचणारे. त्यांनी तिला एक उतारा वाचायला दिला आणि घड्याळ लावलं. सहा मिनिटांनी ते म्हणाले, "तू वाचत नाहीयेस, व्हर्ना. तू झडती घेतेयस."

"अहो, पण शब्द सोडला आणि त्यातच मेख असली तर?"

"ही नोटीस नव्हे. इथे कुणी तुला फसवायला बसलेलं नाही. लेखकाला म्हणायचंय काय, तेवढं शोध. तो 'पण' म्हणाला की थांब. 'तरीसुद्धा' म्हणाला की थांब. बाकीचं वाहू दे."

प्रत्येक परिच्छेद संपला की त्याचं सार एका ओळीत, आपल्या शब्दांत लिहायचं, असा त्यांनी नेम घालून दिला. लेखकाचं मत कुठलं आणि त्याने उद्धृत केलेल्या दुसऱ्याचं कुठलं, ते वेगळं करायचं. उत्तर निवडण्याआधी त्याचा आधार उताऱ्यात बोटाने दाखवायचा. एप्रिलमध्ये शहरालगतच्या सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा तिचे अकरा प्रश्न बरोबर येत होते. मे महिन्यात सतरा आले, जूनमध्ये एकोणीस. रेने त्या दिवशी स्वयंपाकघरातच तिला उचलून गरकन फिरवलं.

एकोणीसवर मात्र गाडी जी अडली ती अडलीच. पहाटे सराव केला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत केला, फोन बंद करून केला. एकोणीस. कधी अठरा.

"आता काय करू?" तिने विचारलं.

प्रेंटिस यांनी पुढचा उतारा तिच्यासमोर सरकवला. "जे करतेयस तेच," ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. पहिले दोन उतारे तिने वेळेत उरकले. तिसरा होता उत्तरेकडच्या बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणींवर. गावं ओस पडली यात दुःख मानण्याचं कारण नाही, असं लेखकाचं मत होतं. कामगारांनी शहराकडे जाणं पसंत केलं, असं तो लिहीत होता. 'पसंत केलं' या दोन शब्दांवर व्हर्नाचं बोट थांबलं. तिचे वडील अशाच एका खाणीत होते. घर सोडताना ते अंगणात उभ्या उभ्या रडले होते, आणि नऊ वर्षांच्या व्हर्नाने ते गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. लेखकाचा सूर कसा आहे, असा प्रश्न होता. सूर तिला कळत होता, पर्याय समोर दिसत होता, पण हात पुढे होईना. भानावर आली तेव्हा अकरा मिनिटं उलटली होती. चौथा उतारा न वाचताच तिने अंदाजाने उत्तरपत्रिकेतले गोल भरले.

"परीक्षेत खरं काय ते विचारलं नव्हतं गं," पुढच्या मंगळवारी तिने हे सांगितल्यावर प्रेंटिस हळूच म्हणाले. "लिहिलंय काय, एवढंच विचारलं होतं."

"मला माहितीये!" ती एवढ्या जोरात बोलली की वाचनालयातली माणसं वळून पाहू लागली.

नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा बसली. या वेळी उतारे फुलपाखरांवर, जुन्या वाद्यांवर, कुठल्याशा करारावर होते. भांडण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही शेवटचे पाच प्रश्न राहिले. गुण आले ते पहिल्यापेक्षा फक्त एकाने जास्त. तिने तीन कॉलेजांत अर्ज केले. तिन्हींकडून नम्र शब्दांत नकार आला.

"पुन्हा बसशील?" रेने विचारलं. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

"बसून काय करू, रे? मला येतं तेवढं मी केलं." ती भांडी पुसत होती. एकच बशी ती कितीतरी वेळ पुसत राहिली. त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली.

मंगळवारी ती वाचनालयात गेली नाही. प्रेंटिस यांनी दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. बर्फ केव्हा वितळणार, यावर ते थोडा वेळ बोलले.

कचेरीला नवा वकील अजून मिळालेला नाही. सोमवारी एक म्हातारा बसचालक घर खाली करायची नोटीस घेऊन आला. व्हर्नाने ती दोनदा वाचली. या वेळी तारीख बरोबर होती, सही बरोबर होती, सगळंच बरोबर होतं.

"बाई, कोर्टात माझ्या बाजूने बोलाल ना?" त्याने विचारलं.

"नाही हो, मला बोलता येत नाही," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी कॉफी आणायला उठली.