समजा म्हणू नये

‘समजा’ हा शब्द कानावर पडला, की मोठीमाय बोलणाऱ्याच्या तोंडावर सरळ हात ठेवायची. मग तो तलाठी असो की जावई! ती माझ्या वडिलांची थोरली वहिनी. आई गेल्यावर मला वाढवलं तिनंच. “वंगाळ बोलू नाई, बाबू. आइकणारं कोनी ना कोनी रायतेच,” म्हणायची.

शाळेत गणित होतं : समजा, दहा शेळ्यांपैकी चार मेल्या, तर उरल्या किती? तिनं मला ते खोडायलाच लावलं. “चार मामाच्या घरी गेल्या, असं लिही. उत्तर तेच येते ना?” उत्तर तेच आलं. तरी गुरुजींनी कान पिळला तो माझाच.

सत्तरी ओलांडली आणि ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली. पुण्याला असलेला तिचा मुलगा, आमचा दादा, फोनवर म्हणाला, “बुलडाण्याला दाखव. डोक्याचं काही निघालं, तर मी तिला इकडे वृद्धांच्या संस्थेत ठेवतो.” आमच्या साखरखेर्ड्याबाहेर दोन दिवस न राहिलेली बाई. संस्थेत जगणार कशी?

बुलडाण्याचे डॉक्टर तरुण, बोलायला गोड. “समजा आजी, घराला आग लागली...” मोठीमायचा हात थेट त्यांच्या तोंडाकडे! ते दचकून मागे सरले. मग विचारलं, “वांगं, मेथी, कांदा, विळा. यातलं वेगळं काय?”

“येगळं काऊन करू? इळ्याबिगर मेथी कापसान कशी?”

डॉक्टर कागदावर फुल्या मारत होते आणि मी प्रत्येक फुली मोजत होतो. शेवटी राहवेना. “अहो, ही जन्मभर अशीच बोलते,” म्हणून मी तिच्या सगळ्या तऱ्हा सांगून टाकल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग हे प्रश्न यांच्या कामाचे नाहीत. पुढच्या महिन्यात वेगळ्या रीतीनं बघू.”

बाहेर बाकावर मी तिच्यावर खेकसलो, “एवढं उत्तर द्यायला काय जात होतं तुझं?”

“घरात तू हायस, तुह्ये लेकरं हायेत. मी माह्या तोंडानं आग कशी लावू?”

लाजच वाटली मला. हिचं डोकं शाबूत आहे, हे सांगायला मी खुशीत दादाला फोन लावला. रिंग वाजत होती, तेवढ्यात तिनं माझी बाही ओढली. आयुष्यभर मला ‘तू’ म्हणणारी मोठीमाय अदबीनं विचारत होती, “बापा, तुमी कोनाचे म्हना? माह्यासंगं कोनी आलं नाई का?”

पलीकडून दादा विचारत होता, “काय म्हणाले डॉक्टर?”

मी तिचा हात घट्ट धरला. “ठणठणीत आहे. माझ्याजवळच राहील ती,” म्हणालो.