टिकली दिसेपर्यंत

टीव्हीचा बूस्टर वर अँटेनाजवळ बसवायचा, खाली टीव्हीशेजारी नाही. ही गोष्ट मी आमच्या गिरीज गावातल्या निम्म्या घरांना सांगून पाहिली. कुणी ऐकलं नाही. दुकानदार तो खालीच बसवून द्यायचा आणि त्याचा लाल दिवा घरात सगळ्यांना दिसायचा. दिवा लागला की लोकांचं समाधान व्हायचं, चित्र कसंही असो.

मला हे कळायचं कारण मी माणिकपूरला बूस्टर बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मालक वायरलेसच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आम्ही सगळ्या जणी त्यांना काका म्हणायचो. माझं काम बूस्टरमधले, लहर मोठी करणारे इवलेसे ट्रान्झिस्टर निवडण्याचं. एकाच पाकिटातून आलेले, एकाच नंबरचे, पण दोन सारखे नसायचे. सॉकेटमध्ये एक खोचायचा, समोरच्या टीव्हीत बघायचं, काढायचा, दुसरा खोचायचा. दिवसा प्रक्षेपण नसे, तेव्हा काकांच्या एका खोक्यातून पडद्यावर पट्ट्या यायच्या. त्यात चांगले ठरलेले बाजूला ठेवायचे आणि संध्याकाळी मुंबईचं खरं चित्र मुद्दाम अगदी क्षीण करून त्यावर पुन्हा तपासायचे. निवेदिकेच्या कपाळावरची टिकली दिसली तर पास. पडद्यावरच्या मुंग्यांत हरवली तर दुसऱ्या डबीत.

नवीन मुली हमखास चुकायच्या. ज्याने चित्र भगभगीत होतं तो उचलायच्या. काका म्हणायचे, "अगं, त्याने मुंग्यापण मोठ्या केल्यात, बघ की. जोर नको बघूस, कचकच बघ." टीव्हीच्या पोटात मिक्सर नावाचा टप्पा असतो. आलेली लहर तो टीव्हीला पचेल अशा खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणतो, पण तसं करताना आपली बरीच खरखर तिच्यात घालतो. म्हणून कमजोर लहर त्याच्यापर्यंत जायच्या आधीच उचलावी लागते, आणि उचलणाऱ्याने स्वतःची खरखर कमीत कमी घालावी लागते. निवड करायची ती एवढ्यासाठी.

आमच्या घरी टीव्ही होता आणि त्यावर मुंग्याच होत्या. अँटेना वाडीतल्या सगळ्यात उंच नारळाला बांधलेला. गावात सगळ्यांचेच अँटेना नारळाला. फुकटची उंची हाताशी असताना खांब कशाला उभारायचा, असा हिशेब. नारळ संध्याकाळी समुद्राच्या वाऱ्याने डुलतो, हे जन्मभर नारळाखाली वावरलेल्या माणसांच्या डोक्यात येत नसे. बरोबर बातम्यांच्या वेळी चित्र यायचं, जायचं, यायचं. शिवाय नारळापासून घरापर्यंत लांबलचक वायर. आधीच खाडी ओलांडून थकून आलेली लहर त्या वायरीतच संपायची.

हे सगळं चालून गेलं असतं. पण ताई टीव्हीवर दिसणार असा निरोप आला.

ताई माझी मोठी बहीण. गाण्याच्या क्लासमधल्या एका मुलाशी तिने परस्पर लग्न केलं होतं, मुलगा आमच्यातला नव्हता. त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघत नसे. बाबांनी तसं बजावलं नव्हतं. ते स्वतः नाव घेत नसत आणि मग कुणीच घेत नसे. आई तिची वाकळ मात्र दर उन्हाळ्यात उन्हात घालायची. आम्ही दोघी त्याच वाकळेत झोपायचो. मला पुढे बरेच दिवस एकटीला नीट झोप लागत नसे. ती झोपायच्या आधी गुणगुणायची आणि मी तिला गप्प बस, गप्प बस म्हणायचे.

निरोप आणला जवळच्या सांडोर गावच्या एका मावशीने. ती दादरच्या बाजारात भाजी घेऊन बसायची आणि ताई तिच्याकडून भाजी घ्यायची. मावशीचा आवाज बाजारातला. अंगणात उभी राहून म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी गाण्याच्या कार्यक्रमात तुमची थोरली आहे हो! मागे उभ्या राहून गातात ना, त्यांच्यात. आईला बघायला सांगा म्हणाली."

आई म्हणाली, "हळू बोल गं बाई."

"हळू बोलले तर ऐकू कुणाला जाईल?" मावशी म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली. बाबा तिथेच केळींना टेकू देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रात्री जेवताना आईने मला एवढंच विचारलं, "तुझ्या त्या यंत्राने माणसाचा चेहरा दिसतो का?"

"चांगला निवडला तर टिकली दिसते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे एक ट्रान्झिस्टर मागितला. ते म्हणाले, "घे. पण निवडायचा तूच आणि जोडायचाही तूच. मग मला नावं ठेवायची नाहीत." मी त्या आठवड्यात इतके तपासले की शेजारी बसणारी वैतागली. ती गिरीजच्याच पण चर्चच्या बाजूची, जिभेची तिखट.

"काय गं, नवरा पण असाच पारखून घेणार?"

"नवरा परत डबीत टाकता येत नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर विचारते!"

शेवटी एक सापडला. दिसायला इतरांसारखाच, जोर बेताचा, पण टिकली अशी उठून दिसली की काकासुद्धा वाकून बघायला आले.

घरी आले आणि बाबांना सांगितलं, नारळावर चालणार नाही. खांब पाहिजे, घराजवळ.

"बांबू नारळाएवढा होणार का?"

"उंची कमी चालेल. हलणं नको."

सकाळी उठून बघते तर दोन बांबू एकमेकांना आवळून अंगणात आडवे ठेवलेले. कशासाठी हवेत, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बूस्टर पत्र्याच्या डबीत घालून त्यावर आईची मिठाची बरणी उपडी घातली, पावसापाण्यापासून आडोसा. नारळावरचा अँटेना उतरवून तो आणि बूस्टर बांबूच्या टोकाला बसवला आणि बांबू ओट्याच्या खांबाला बांधला. त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण द्यायला हवे होते, पण तिसरी खुंटी यायची नेमकी एका केळीच्या बुंध्यात, आणि तिच्यावर केळ्यांचा लोंगर लटकत होता. "लोंगर उतरला की बघू," बाबा म्हणाले. आमच्याकडे भरत आलेला लोंगर कुणी तोडत नाही. मीही वाद घातला नाही. दोन ताणांवर भागेल असं वाटलं.

शुक्रवारी चित्र आलं ते असं, की आईने पदराने पडदा पुसला आणि पुसायला काही उरलं नाही म्हणून बाजूला झाली. गाणं सुरू झालं, त्याच वेळी वारा उठला. तिसऱ्या ताणाअभावी बांबू कलायला लागला आणि मुंग्या परत आल्या. मी उठणार तोच चित्र स्थिर झालं. खिडकीतून बघितलं. बाबा बाहेर दोन्ही हातांनी बांबू धरून, त्याला खांदा लावून उभे होते. पाठ घराकडे.

मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी, ताई होती. चेहरा करंगळीच्या नखाएवढा. कॅमेरा बराच वेळ बासरीवाल्यावर राहिला, मग मुख्य गायिकेवर, मग एकदा पुन्हा मागे गेला. आई पडद्याच्या इतकी जवळ बसली होती की मला तिच्या डोक्यावरून बघावं लागलं.

"बारीक झालीय," आई म्हणाली. मग म्हणाली, "टिकली लहान लावते आता." मग, "आवाज ओळखला मी."

इतक्या जणींत तिचा आवाज ओळखणं शक्य नव्हतं. मला तरी ओळखता आला नाही, आणि मी जीव कानात आणून ऐकत होते.

गाणं संपल्यावर बाबा आत आले. तळव्यांत बांबूची कुसळं रुतली होती.

"मुंग्या गेल्या?" त्यांनी विचारलं.

"गेल्या," आई म्हणाली. "बरी आहे ती."

बाबा हात धुवायला गेले.

पुढच्या आठवड्यात मी कामावरून आले तर ओट्यावर हिरवा लोंगर पडला होता. केळ तोडलेली. तिच्या जागी खुंटी, आणि खुंटीला बांबूचा तिसरा ताण, बोटाने छेडला तर वाजेल इतका घट्ट.

"कच्चाच उतरवला," आई मला म्हणाली, पण बाबांना ऐकू जाईल अशी.

"मग दर वेळी मीच बाहेर उभा राहू काय?" बाबा म्हणाले.

त्यानंतर दर शुक्रवारी ते कार्यक्रमाच्या आधी आत येऊन बसायचे, चष्मा पुसून, आईच्याही पुढे. वारा असला तरी बांबू हलत नसे. चित्र स्वच्छ यायचं, मागच्या रांगेतल्या बायकांच्या टिकल्यासुद्धा दिसायच्या. बायका मात्र दुसऱ्याच कुणी असायच्या.